बिऱ्हाड शांघायला थाटावं की सुझोऊला?

आत्तेभावाची बदली चाकणहून चीनमधल्या सुझोऊच्या कारखान्यात झाली आहे. घर शांघायला घ्या नाहीतर सुझोऊला, ठरलेल्या रकमेपर्यंत भाडं आम्ही देऊ, असं कंपनीने सांगितलंय. वहिनीचा फोन आला. तिचा पहिला प्रश्न, "ह्यांना कारखाना कुठून जवळ पडेल?" मी म्हटलं, वहिनी, आधी तुमचा दिवस कुठे बरा जाईल ते बघा. ते सकाळी निघतील ते रात्री येतील. मधले बारा तास त्या घरात तुम्ही आणि मुलं असणार आहात.

आम्ही तीन वर्षं सुझोऊत काढली, पुढची दोन शांघायमध्ये. त्या पाच वर्षांच्या आधारावर हे लिहितेय.

कागदावर दोन्ही शहरं शेजारी आहेत. वेगवान रेल्वे अर्ध्या तासात पोचवते, तिकीट चाळीस युआनच्या आसपास. (एक युआन म्हणजे साधारण बारा-तेरा रुपये.) पण हा अर्धा तास स्टेशन ते स्टेशन आहे. घरातून शांघायचं होंगछ्याओ स्टेशन, तिथली सुरक्षा तपासणी, पुढे उतरून कारखान्यापर्यंतची टॅक्सी, हे सगळं धरलं की एका बाजूने पावणेदोन तास कुठेच जात नाहीत. २०२३ च्या जूनपासून दोन्ही शहरांच्या मेट्रोही एकमेकींना जोडल्या गेल्यात, पण त्या वाटेने दोन तासांहून जास्त लागतात. रोजच्या कामाला ती वाट नाही. आमच्या ओळखीचं एक कुटुंब शांघायमध्ये राहायचं आणि घरातला बाबा सुझोऊला कामाला जायचा. सकाळी सव्वासहाला निघून रात्री साडेआठला घरी. त्यांच्या धाकटीला बाबा फक्त शनिवार-रविवारी जागेपणी दिसायचा. एका वर्षात त्यांनी घर हलवलं.

भाड्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. सुझोऊच्या औद्योगिक वसाहतीत, जिनजी तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर, तीन बेडरूमच्या घराला आम्ही महिना नऊ हजार युआन देत होतो. शांघायला गुबेई भागात त्याहून लहान घराला एकोणीस हजार. वसाहत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एमआयडीसी येते, पण तसं काही मनात आणू नका. चीन आणि सिंगापूरने मिळून १९९४ मध्ये ती आखायला घेतली. रुंद फुटपाथ, झाडं, तळ्याकाठी मैलोन्‌मैल चालायची वाट. आणि सुझोऊ काही लहान गाव नाही, २०२० च्या जनगणनेत तिथे सव्वा कोटीहून जास्त माणसं मोजली गेली. शांघाय त्याच्या जवळपास दुप्पट. कुठेही घर घेतलंत तरी घरमालकाकडून 'फाप्याओ', म्हणजे सरकारी पावती, मिळेल हे करारातच लिहून घ्या. परदेशी कर्मचाऱ्याचं घरभाडं आणि मुलांची फी यांवरची करसवलत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत आहे आणि ती या पावतीवरच मिळते. पावती हवी म्हटल्यावर काही मालक भाडं वाढवून सांगतात. ते आधीच कळलेलं बरं.

शाळेच्या फीत मात्र भाड्याइतकी तफावत नाही. शांघायच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय शाळा वर्षाला अडीच ते साडेतीन लाख युआन घेतात. सुझोऊत थोडं कमी, पण कंपनी फी देत नसेल तर दोन्हीकडे कंबरडं मोडेल. खरा फरक निवडीचा आहे. सुझोऊत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या शाळा. त्या चांगल्या आहेत, पण एखादीशी मुलाचं जुळलं नाही तर दुसरी शोधायला वाव कमी. शांघायमध्ये तबला शिकवणारेही सापडतात आणि फुटबॉलचे चार क्लबही. वहिनीचा मुलगा आठवीत आहे, तिथे मला थांबून विचार करावा लागला. या वयात मुलाला शाळेपेक्षा मित्र लागतात, आणि लहान शाळेत वर्गात बारा मुलं असतील तर जूनमध्ये त्यातली चार देश सोडून जातात. आमच्या लेकीने असे तीन जून पाहिलेत.

आता घरी असणाऱ्या माणसाबद्दल. नवऱ्याच्या मागून येणाऱ्या बायकोला एस-१ व्हिसावर यावं लागतं, आल्यापासून तीस दिवसांच्या आत राहण्याचा परवाना काढावा लागतो, आणि त्यावर नोकरी करता येत नाही. हे दोन्ही शहरांत सारखंच. पुण्यात पंधरा वर्षं नोकरी केलेल्या बाईला हे फार जड जातं, आणि निघण्याआधी त्याबद्दल कोणी बोलत नाही. शांघायमध्ये गुबेई-होंगछ्याओ भागात इंग्रजीवर सगळं निभतं. डॉक्टर, दुकान, मैत्रिणी, दिवाळीचं जेवण, भारताचा वाणिज्य दूतावास, सगळं हाताशी. म्हणूनच तिथे दहा-दहा वर्षं राहूनही चिनी न येणाऱ्या बायका मला भेटल्या. सुझोऊत चिनी बोलल्याशिवाय कोथिंबीर मिळत नाही. पहिले सहा महिने मी रडकुंडीला आले होते. पण खालच्या मजल्यावरच्या आजी रोज संध्याकाळी वाळूच्या खड्ड्यापाशी बसायच्या, माझ्या लेकीची कानटोपी खाली ओढायच्या आणि मला एकेक शब्द शिकवायच्या. वर्षभरात मी मंडईत घासाघीस करू लागले. ते सुझोऊने मला दिलं, शांघायने दिलं नसतं.

मंडईची चिंता कोणीच करू नका. उन्हाळ्यात लाल माठाचे ढीग लागतात. दोडकी, कारली, कोहळा, दुधी सगळं असतं. वसंतात 'त्साओथौ' नावाची पालेभाजी येते, दिसायला हुबेहूब मेथी. कडू नसते, पण लसूण-मिरचीवर परतून भाकरीबरोबर झकास लागते. ज्वारीचं पीठ, पोहे, साबुदाणा, तूरडाळ ताओबाओ या ऑनलाइन बाजारावर मागवलं की दोन-तीन दिवसांत दारात. पंचाईत बाहेर खाताना होते. "वो छ्र सू", मी शाकाहारी आहे, एवढं म्हणून भागत नाही. पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, सूपात कोंबडीचं पाणी असतं. हे एकेक विचारावं लागतं. शांघायमध्ये बौद्ध पद्धतीची शाकाहारी भोजनालयं आणि भारतीय हॉटेलं जास्त, हा तिथला मोठा फायदा.

दवाखान्याचं मात्र मनापासून सांगते. लेक चार वर्षांची असताना सुझोऊत एका रात्री तिचा ताप उतरेना. मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. नोंदणी, मग बोट टोचून रक्त, मग डॉक्टर, प्रत्येक पायरीला आधी मोबाइलवरून पैसे. व्यवस्था वेगवान आहे, तासाभरात रिपोर्ट हातात होता. पण आपली नावं लांब. पासपोर्टवर तिच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि मग आडनाव. नोंदणीच्या खिडकीवर ते एका रीतीने टंकलं गेलं, औषधाच्या खिडकीवर दुसऱ्या रीतीने, आणि औषध अडलं. रात्री दीड वाजता मी तो पासपोर्ट घेऊन तीन खिडक्या फिरले. तेव्हापासून एका कागदावर नाव मोठ्या अक्षरांत, मोकळ्या जागांसकट, लिहून पर्समध्ये ठेवते. बँकेत, शाळेत, सिमकार्डाला, सगळीकडे तसंच्या तसं लिहायला लावते. शांघायमध्ये इंग्रजी बोलणारे परदेशी विभाग आणि खासगी दवाखाने जास्त आहेत. घरात कुणाला दमा किंवा मधुमेह असेल तर मी दुसरा कुठलाही विचार न करता शांघाय म्हणेन.

बाकी गोष्टी दोन्हीकडे सारख्याच. घरात उतरल्यावर चोवीस तासांत पोलिसांकडे नोंद. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या वायफायवर चालत नाहीत, पण भारतातलं सिम आंतरराष्ट्रीय रोमिंगवर असलं की त्यावर चालतात. ते सिम बंद पडू देऊ नका, बँकेचे ओटीपी त्यावरच येतात. जून-जुलैत 'मेयू'चा पाऊस लागला की कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते. भारताची थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरपासून पुन्हा सुरू झाली आणि नोव्हेंबरात दिल्ली-शांघायही लागली. सुझोऊला स्वतःचं प्रवासी विमानतळ नाही, शांघायच्या फूदोंग विमानतळाहून गाडीने दोन तास धरा.

वहिनीला मी सुझोऊ सांगितलं. तिच्या धाकटीला खालचं अंगण मिळेल, बाबा जेवायला घरी असतील. अट एकच घातली, मुलाची शाळेतली जागा आधी पक्की करा, आणि वर्गात किती मुलं आहेत ते विचारा. जागा नाही मिळाली तर शांघायला घर घ्या आणि भावाला आठवड्यातून दोन रात्री सुझोऊत राहू द्या.

घर बघायला जानेवारीत गेलात तर उत्तम. दोन्ही शहरं यांगत्से नदीच्या दक्षिणेला, त्यामुळे उत्तर चीनसारखी घरं गरम ठेवायची सरकारी सोय नाही. बाहेर तीन-चार अंश असताना घरातली फरशी अनवाणी पायांना गारठवते. दलाल एसी लावून ठेवतो. तो बंद करायला सांगा, पंधरा मिनिटं थांबा, आणि लादीखाली गरम पाण्याचे पाइप आहेत का ते विचारा.