नोमचं सोनं: वाळू घोळावी की बुडी मारावी?

टीव्हीवर बेरिंग समुद्राच्या तळातून सोनं निघताना पाहून अमेरिकेतल्या कुणा मराठी माणसाच्या डोक्यात नोम शिरलं असेल, तर एक गोष्ट आधीच सांगतो: अलास्कातल्या या गावाला अँकरेजहून रस्ता नाही. विमानातून सामान किती नेता येतं, यावरच अर्धे बेत बारगळतात.

सोनं एकाच उगमाचं, फक्त जागा दोन: किनारा आणि समुद्राचा तळ. हिमनद्यांनी सोनं असलेला डोंगरातला गाळ आजच्या किनाऱ्याच्याही पुढे नेऊन टाकला. पुढे समुद्राची पातळी वरखाली होत राहिली, लाटांनी हलकी माती धुऊन नेली आणि जड गोट्यांबरोबर सोनं तळावर पातळ थरात उरलं.

किनाऱ्यावर फावडं, परात आणि छोटा स्लूस बॉक्स (वाहत्या पाण्यात जड सोनं अडवणारी पन्हळ) एवढ्यावर भागतं. सोनाराकडची माती धुणारा झारेकरी पाहिला असेल, तर काम ओळखीचं वाटेल. गार्नेट या खनिजाच्या तांबूस वाळूचा पट्टा हुडकायचा आणि घोळत बसायचं. शेवटी परातीच्या कडेला रव्याहून बारीक पिवळी रेघ उरते. ही वाळू 1899 पासून लोक उपसतायत, तेव्हा तिकिटाचे पैसे निघतील असं समजू नका.

ड्रेजचं, म्हणजे समुद्रतळातला गाळ उपसणाऱ्या होडीचं, गणित निराळं. पाणबुड्या तळावर रांगत, हातानं गोटे सारत, पाइपचं तोंड फटीत धरतो. वरचा पंप गाळ ओढून स्लूसवर टाकतो. हवा एका नळीतून, अंगातल्या सूटमध्ये गरम पाणी दुसऱ्या नळीतून. हाती लागतं जास्त, हे खरंच. पण वारा सुटला की पाणी गढूळ, होडी धक्क्याला आणि खर्च चालूच. हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून उतरतात. तेव्हा पाणी नितळ असतं, मात्र वर यायची वाट तेवढी एकच. नवख्यानं त्या फंदात पडूच नये.

मोठं यंत्र आणलं की भागलं, असंही नाही. इंडोनेशियात कथील उपसणारा ‘बीमा’ नावाचा अवाढव्य ड्रेज इथे आणला होता. त्यानं सुमारे 1 लाख 20 हजार औंस सोनं काढलं, तरी 1990 मध्ये काम थांबलं.

दोन आठवड्यांची सुट्टी असेल तर मी किनाराच सुचवेन. अख्खा उन्हाळा मोकळा असेल आणि डायव्हिंग येत असेल, तरी ड्रेज विकत घेण्याआधी एक हंगाम दुसऱ्याच्या ड्रेजवर मदतनीस म्हणून काढा; परवान्याचे नियम अलास्का राज्याच्या नैसर्गिक संपत्ती विभागाकडे विचारा.