एक डॅशबोर्ड, तीन मांडण्या : टॅब्लोच्या ‘डिव्हाइस लेआउट’ सोयीचे परीक्षण

डॅशबोर्ड, म्हणजे आलेख, नकाशे आणि आकडे एकत्र दाखवणारे पान, तयार करणारा माणूस मोठ्या मॉनिटरसमोर बसलेला असतो, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललेला असतो तो अधिकारी, व्यवस्थापक किंवा सामान्य वाचक मात्र तो डॅशबोर्ड बहुतेकदा मोबाइलवर उघडतो. ही अडचण ओळखून टॅब्लो या डॅशबोर्ड बनवण्याच्या सॉफ्टवेअरने २०१६ साली आपल्या दहाव्या आवृत्तीत एकाच डॅशबोर्डच्या कॉम्प्युटर, टॅब्लेट आणि फोन अशा वेगवेगळ्या मांडण्या करून ठेवण्याची सोय दिली. टॅब्लोतील आलेखांची देखणी मांडणी, त्याची किंमत, त्याचा वेग यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मी केवळ या एका सोयीचा विचार करणार आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही सोय उत्तम आहे, पण तिचा खरा लाभ ज्याला फोनवर काय दाखवायचे आणि काय गाळायचे हे स्वतः ठरवायची तयारी आहे त्यालाच होतो. आपोआप सर्व जमून येईल अशी अपेक्षा ठेवणाऱ्याची ती निराशा करते.

आधी मूळ मांडणीच्या, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या मांडण्या तयार होतात तिच्या, आकाराचा प्रश्न सोडवावा लागतो. टॅब्लो त्यासाठी तीन पर्याय देते. ‘फिक्स्ड साइझ’मध्ये डॅशबोर्डचा आकार कायम राहतो आणि स्क्रीन लहान असेल तर सरकपट्ट्या येतात. ‘रेंज’मध्ये किमान आणि कमाल आकार ठरवता येतो, त्या मर्यादेत डॅशबोर्ड लहानमोठा होतो, किमानपेक्षा लहान स्क्रीनवर सरकपट्ट्या दिसतात आणि कमालपेक्षा मोठ्या स्क्रीनवर कडेला मोकळी जागा उरते. ‘ऑटोमॅटिक’मध्ये डॅशबोर्ड मिळेल तेवढ्या जागेत ताणला किंवा आवळला जातो. नवशिके हमखास तिसरा पर्याय निवडतात, कारण त्याचे नावच मोहात पाडणारे आहे. प्रत्यक्षात त्यात आलेखांचा आकार बदलतो, अक्षरांचा बदलत नाही. शिवाय ज्या वस्तू ‘फ्लोटिंग’ म्हणजे इतरांवर तरंगत्या ठेवलेल्या असतात त्या लहान स्क्रीनवर एकमेकींवर चढतात. मी कॉम्प्युटरच्या मांडणीसाठी नेहमी ‘फिक्स्ड साइझ’ची शिफारस करतो. त्यामुळे प्रत्येक वस्तू नेमून दिलेल्या जागी राहते, आणि सर्वांना एकाच आकाराचा डॅशबोर्ड जात असल्याने सर्व्हरला आधी तयार करून ठेवलेली प्रत पुन्हा वापरता येऊन तो लवकर उघडतो.

आकार निवडताना मात्र स्क्रीनच्या जाहिरातीतल्या आकड्यांवर विसंबू नये. १३६६ बाय ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर त्याच मापाचा डॅशबोर्ड मावत नाही, कारण ब्राउझरचे टॅब, पत्त्याची पट्टी, खालचा टास्कबार आणि टॅब्लोची स्वतःची पट्टी मिळून बरीच उंची खाऊन टाकतात. १९२० बाय १०८० च्या लॅपटॉपवर विंडोजचे स्केलिंग (सगळे मोठे करून दाखवण्याची सेटिंग) १२५ टक्के असेल तर ब्राउझरच्या हिशोबाने ती स्क्रीन १५३६ बाय ८६४ चीच उरते. रुंदी १३०० आणि उंची ६०० च्या आत ठेवली तर बहुतेक लॅपटॉपवर सरकपट्टीशिवाय सगळे दिसते, असे माझे मत आहे.

आता या परीक्षणाच्या गाभ्याकडे वळू. उदाहरणादाखल महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांतील पावसाचा डॅशबोर्ड घ्या : डावीकडे जिल्ह्यांचा नकाशा, उजवीकडे जिल्हावार स्तंभालेख, खाली जून ते सप्टेंबरचा रेषालेख आणि वरच्या बाजूला वर्ष व जिल्हा निवडण्याचे फिल्टर. कॉम्प्युटरवर ही मांडणी सुटसुटीत वाटते. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्ये ब्राउझरला सुमारे ३६० पिक्सेलची रुंदी मिळते, आणि तेवढ्या जागेत हाच नकाशा बसवला की मुंबई शहर जिल्हा बोटाखाली सापडतच नाही. त्याला टिचकी मारायला गेले की शेजारचा मुंबई उपनगर किंवा ठाणे निवडला जातो. स्तंभालेखात ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव आडवे लिहायला इतकी जागा लागते की प्रत्यक्ष स्तंभांसाठी उरलेल्या रुंदीत लातूर आणि धाराशिव यांच्यातला फरक डोळ्यांना कळत नाही. ज्या माहितीसाठी कॉम्प्युटरवर माऊस नुसता वर न्यावा लागतो तिच्यासाठी फोनवर नेमक्या ठिकाणी टिचकी मारावी लागते, आणि ही माहिती तेथे दडलेली आहे हे वाचकाला कोणी सांगितलेले नसते. थोडक्यात, हा डॅशबोर्ड लहान करून भागणारे नाही. तो निराळा मांडायला हवा.

‘डिव्हाइस प्रिव्ह्यू’ हे बटण दाबून फोनची मांडणी उघडली की टॅब्लो सर्व वस्तू एकाखाली एक लावून दाखवते. नव्या डॅशबोर्डसाठी ही मांडणी आपोआप तयार होते आणि मूळ मांडणीत बदल केला की तीही बदलत जाते. कच्चा खर्डा म्हणून ती कामाची आहे, परंतु तशीच प्रकाशित करण्याजोगी क्वचितच असते, कारण वाचकाला आधी काय कळायला हवे हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसते. या मांडणीला लावलेले कुलपाचे चिन्ह उघडून ती आपल्या ताब्यात घेतली की वस्तूंचा क्रम, उंची आणि निवड सारे आपल्या हाती येते. मात्र त्या क्षणापासून आपोआप होणारे बदलही थांबतात, आणि मूळ मांडणीत नंतर घातलेला आलेख फोनवर आणण्याची जबाबदारी आपली असते. वरच्या उदाहरणात मी सर्वांत वर राज्याच्या सरासरी पावसाचा एकच मोठा आकडा ठेवीन, त्याखाली जिल्ह्याचा फिल्टर, मग रेषालेख, आणि नकाशा पूर्णपणे काढून टाकीन. मांडणीचा आकार ‘फिट विड्थ’ ठेवावा, म्हणजे रुंदी स्क्रीनप्रमाणे जुळते, उंची आपण ठरवू तेवढी राहते आणि वाचक सवयीप्रमाणे वरून खाली सरकवत जातो. ‘फिट ऑल’ निवडले तर सगळे एकाच नजरेत बसवण्याच्या नादात काहीच वाचता येत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे पत्ता एकच राहतो. मोबाइलसाठी वेगळी लिंक, कॉम्प्युटरसाठी वेगळी लिंक आणि कोणी कोणती उघडायची याच्या सूचना ही कटकट उरत नाही. व्हॉट्सअॅपवर आलेली लिंक जो जिथे उघडेल त्याला तिथली मांडणी मिळते.

दोष सांगायचा तर पहिला आणि गंभीर दोष रचनेतच आहे. फोनच्या मांडणीत जो आलेख किंवा फिल्टर दाखवायचा तो आधी मूळ मांडणीत असावाच लागतो, आणि मूळ मांडणीतून काढला की तो सगळीकडून जातो. शिवाय दोन्हीकडे दिसणारा आलेख एकच असतो. त्याचा आकार बदलता येतो, पण कॉम्प्युटरवर ३६ जिल्हे आणि फोनवर फक्त सर्वाधिक पावसाचे १० जिल्हे असे त्याच आलेखाकडून करून घेता येत नाही. नकाशा फोनवर ठेवायचाच ठरवला तर त्यावर बोट फिरताच पान सरकण्याऐवजी नकाशाच सरकतो. हे टाळण्यासाठी नकाशाचे सरकणे आणि झूम बंद करता येते, परंतु ती सेटिंग नकाशाची असल्यामुळे कॉम्प्युटरवरचा वाचकही झूमला मुकतो. उपाय आहे, पण तो कष्टाचा आहे : फोनसाठी वेगळा आलेख बनवायचा, कॉम्प्युटर, टॅब्लेट आणि फोन या तिन्हींच्या स्वतंत्र मांडण्या करायच्या, आणि जी कोणालाच दिसणार नाही अशी मूळ मांडणी नुसती कोठीघरासारखी वापरायची. मोठ्या डॅशबोर्डमध्ये हे कोठीघर इतके भरते की नंतर काम हाती घेणाऱ्या सहकाऱ्याला कोणती वस्तू कुठे वापरली आहे हे शोधण्यातच वेळ जातो. टॅब्लोने २०२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत एखादा विभाग अटीनुसार दाखवण्याची वा लपवण्याची सोय दिली, हे चांगलेच झाले. पण स्क्रीनची रुंदी किती आहे हे त्या अटीत विचारता येत नाही, त्यामुळे या प्रश्नावर ती उपयोगी पडत नाही.

दुसरी गोष्ट दोष म्हणावी असे नाही, पण माहीत नसेल तर फार मनस्ताप देते. कोणती मांडणी दाखवायची हे ब्राउझरमध्ये टॅब्लो फोनचे नाव पाहून ठरवत नाही. डॅशबोर्ड ज्या चौकटीत उघडतो तिची रुंदी आणि उंची यांपैकी जी बाजू लहान असेल ती पाहते. ती ५०० पिक्सेल किंवा त्याहून कमी असेल तर फोनची, ५०१ ते ८०० असेल तर टॅब्लेटची आणि ८०० च्या वर असेल तर कॉम्प्युटरची मांडणी येते, आणि संबंधित मांडणी केलेलीच नसेल तर मूळ मांडणी दिसते. लहान बाजू पाहण्यामागे विचार आहे : फोन आडवा धरला तरी तो फोनच राहतो. परंतु तुमच्या संकेतस्थळावर डॅशबोर्डसाठी ११०० पिक्सेल रुंद आणि ४८० पिक्सेल उंच अशी ऐसपैस चौकट राखली असेल, तर लॅपटॉपवर बसलेल्या वाचकालाही त्या चौकटीत फोनचीच मांडणी दिसेल, कारण ४८० हा आकडा ५०० च्या आत आहे. चौकटीची उंची वाढवणे किंवा लिंकमध्येच कोणती मांडणी हवी ते सांगणारा घटक जोडणे हे दोन्ही उपाय सोपे आहेत, पण कारण कळेपर्यंत माणूस डॅशबोर्डच पुन्हापुन्हा उसवत बसतो.

भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीसाठी मात्र यात काहीच नाही. ८०० च्या पुढचे सारे कॉम्प्युटर समजले जाते, मग ती स्क्रीन लॅपटॉपची असो की नियंत्रण कक्षातली. तेथे दहा फुटांवरून वाचता येतील अशी अक्षरे हवी असतील तर वेगळाच डॅशबोर्ड करावा लागतो.

पर्यायांशी तुलना केल्याशिवाय परीक्षण अपुरे राहील. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या अशाच सॉफ्टवेअरमध्ये पानाचा आकार मुळात १२८० बाय ७२० असतो आणि मोबाइलसाठी स्वतंत्र मांडणी करता येते. तिथे एका बाबतीत टॅब्लोवर मात आहे : आलेखाचा अक्षराकार, शीर्षक, रंग असे दिसण्याचे तपशील फोनसाठी वेगळे ठेवता येतात. पण ती मांडणी मुख्यतः पॉवर बीआयच्या मोबाइल अॅपमध्ये आणि फोन उभा धरलेला असतानाच दिसते. आडवा केला की कॉम्प्युटरचे पान येते. ज्या संस्थेत सर्वांच्या फोनवर ते अॅप आहे तिथे हे चालते, सर्वसामान्य वाचकांसाठी नाही. ग्राफाना या मुख्यतः सर्व्हरवर नजर ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरची पद्धत अगदी निराळी आहे. त्यात पान २४ स्तंभांच्या जाळीवर बसवलेले असते आणि स्क्रीन अरुंद झाली की सर्व चौकोन आपोआप एकाखाली एक येतात. सर्व्हर चालू आहेत की बंद हे पाहणाऱ्या तंत्रज्ञाला तेवढे पुरते, कारण त्याला प्रत्येक चौकोन ओळखीचा असतो. पावसाचा डॅशबोर्ड पहिल्यांदाच उघडणाऱ्या शेतकऱ्याला किंवा पत्रकाराला मात्र कोणीतरी विचारपूर्वक लावलेला क्रम लागतो, आणि तो लावण्याची पुरेशी मोकळीक या तिघांपैकी टॅब्लोच देते.

ज्यांना ही सोय अजमावून पाहायची आहे त्यांनी टॅब्लो पब्लिक या मोफत आवृत्तीपासून सुरुवात करावी. फोन आणि टॅब्लेटच्या मांडण्या तिच्यातही करता येतात. तिथे प्रकाशित केलेले काम जगाला खुले असते, म्हणून कार्यालयातील किंवा ग्राहकांची माहिती तिच्यात घालू नये. पावसाची, जनगणनेची किंवा निवडणूक निकालांची सार्वजनिक आकडेवारी घ्यावी. आणि प्रिव्ह्यूमध्ये मांडणी कितीही नीटस दिसली तरी प्रकाशित करून एखाद्या साध्या, कमी किमतीच्या फोनवर ती उभी आणि आडवी दोन्ही धरून, जिल्ह्याचा फिल्टर बोटाने बदलून पाहावी. प्रिव्ह्यू माऊसने चालतो, त्यामुळे दोन बटणांमध्ये बोटापुरते अंतर आहे की नाही हे त्यात समजत नाही.