आयएनएस गोदावरी: सांगाडा नवा, वाफ जुनी

गोदावरी ही भारतीय नौदलाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका. ती जोखायची तर आधी तिच्या इंजिनांचा एक आकडा पाहावा: ३०,००० अश्वशक्ती. मुंबईच्या माझगाव डॉकने त्याआधी बांधलेल्या निलगिरी वर्गात, म्हणजे ब्रिटिश लिएंडर आराखड्यावरच्या फ्रिगेटींत, वाफेच्या टर्बाइनची ताकद एवढीच होती. गोदावरीची लांबी ११३ मीटरवरून १२६ वर गेली, पूर्ण भारासह वजन सुमारे २,९६० टनांवरून ३,८५० वर. वेग तरी २७ नॉटच्या (ताशी सुमारे ५० किलोमीटर) घरातच राहिला. या वेगाला बरीच ताकद लाटा उठवण्यात वाया जाते. पाण्यावरची लांबी वाढली की ती उधळपट्टी कमी होते. आराखडा करणाऱ्यांनी नव्या इंजिनाच्या मागे न लागता लांबी वाढवली, हे शहाणपणाचं झालं. १० डिसेंबर १९८३ ला ती नौदलात दाखल झाली.

वाढलेल्या जागेचं खरं चीज हँगरमध्ये झालं. पाणबुड्या शोधणारी दोन सी किंग हेलिकॉप्टरं मावत. एकच हेलिकॉप्टर असलं तर ते दुरुस्तीला उघडलं की पाणबुडीचा शोध जवळपास थांबतो. दोन असली की एक सोनार (आवाजावरून पाणबुडी हुडकणारं यंत्र) पाण्यात सोडून ऐकत असताना दुसरं इंधन भरून घेतं. इथे पैकीच्या पैकी गुण.

शस्त्रांचा संसार मात्र तीन घरांतून जमवलेला. क्षेपणास्त्रं आणि तोफा सोव्हिएत, रडार काही सोव्हिएत, काही डच पद्धतीची, आणि सगळ्यांची माहिती एकत्र आणणारी आयपीएन-१० यंत्रणा इटलीची. ही मोट बांधणं हेच मोठं काम होतं. जहाजांवर मारा करणारी चार पी-२० क्षेपणास्त्रं, पल्ला सुमारे ८० किलोमीटर. प्रत्येक अडीच टनांच्या आसपास, द्रव इंधनाची, म्हणून सांभाळायला त्रासाची. चार सुटली की संपलं, पुन्हा भरायला बंदर गाठायचं. विमानांसाठी ओसा ही क्षेपणास्त्र यंत्रणा: डेकखालून वर येणारा दोन हातांचा लाँचर आणि २० क्षेपणास्त्रं. पण मार्गदर्शनाचं रडार एकच, म्हणून एका वेळी एकच लक्ष्य. पुढची ५७ मिमी तोफ किनाऱ्यावर मारा करायला तोकडी. तिचा गोळा २.८ किलोचा, लिएंडरच्या साडेचार इंची तोफेचा २५ किलोचा.

सगळ्यात महाग पडते ती वाफ. थंड बॉयलरमधून निघायला कित्येक तास जातात, म्हणून ताबडतोब सुटायचं असेल तर बंदरातही बॉयलर तापता ठेवावा लागतो. वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या एखाद्या नळीला टाचणीएवढं भोक पडलं तरी समुद्राचं पाणी बॉयलरच्या पाण्यात मिसळतं आणि त्यातलं मीठ नळ्या खात सुटतं. क्षारमापकाचा काटा हलला की तो कंडेन्सर बंद करायचा, गळकी नळी शोधून तिची दोन्ही तोंडं बुजवायची आणि बॉयलरमधलं खराब पाणी सोडून द्यायचं. काटा हलल्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढे बॉयलरच्या नळ्याच बदलायची वेळ येते.

तरी सेवेचा हिशेब चोख आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधल्या फसलेल्या उठावानंतर ओलीस घेऊन पळणारं प्रोग्रेस लाइट जहाज गोदावरीने जुन्या बेतवा या फ्रिगेटीच्या साथीने गाठलं. गोदावरी २०१५ ला निवृत्त झाली, तिच्याच वर्गातली गंगा २०१८ ला, गोमती २०२२ ला. पुढच्या ब्रह्मपुत्रा वर्गातही वाफच ठेवली. माझगावच्या फ्रिगेटीत गॅस टर्बाइन (वाफेऐवजी जळत्या इंधनाच्या वायूने फिरणारं) आलं ते थेट २०१० च्या शिवालिकमध्ये.