ॲडव्हान्स टॅक्स भरला समजत होते, चलनं चारही खोटी निघाली

मी नाशिकला इंटिरिअरची कामं घेते, नोकरी सोडून स्वतःचं सुरू केलं आणि हिशोबाचं सगळं एका टॅक्स कन्सल्टंटकडे टाकून मोकळी झाले. कॉन्ट्रॅक्टरच्या ओळखीतला माणूस. मी त्याला सीए समजत होते, तो नव्हता, आणि मी कधी विचारलंही नाही, ही माझीच चूक.

जून २०२३ मध्ये त्याचा फोन, मॅडम १५ तारखेच्या आत ॲडव्हान्स टॅक्सचा, म्हणजे वर्ष संपायच्या आधीच हप्त्यांनी भरायच्या इन्कम टॅक्सचा, पहिला हप्ता भरावा लागेल नाहीतर व्याज चढेल. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण, असं सगळं समजावून सांगितलं. आता हे नियम खरेच आहेत, मी गूगलवर बघितलं, जुळलं, म्हणून विश्वास बसला. त्याने वर्षाचा टॅक्स काढला १ लाख ६० हजार आणि मी २४, ४८, ४८, ४० हजार असे चार वेळा त्याच्याच नंबरवर जीपे केले, का तर "तुमच्या लॉगिनला ओटीपीची कटकट, मी इथून भरतो". तासाभरात पीडीएफ चलन यायचं, माझा पॅन, बँक शाखेचा बीएसआर कोड, सगळं व्यवस्थित.

डिसेंबरात मी विचारलं होतं की २६एएसला, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या टॅक्सच्या सरकारी उताऱ्यात, काहीच का दिसत नाही. म्हणाला तिमाही रिटर्न गेलं की दिसतं. अहो ते टीडीएसचं! क्लायंटने पैसे देतानाच कापलेला टॅक्स, म्हणजे टीडीएस, उशिरा दिसतो, आपण भरलेलं चलन थोड्या दिवसांतच येतं. तेव्हा हे मला कुठे माहीत.

जुलै २०२४ ला रिटर्नची वेळ आली तर फोन बंद. मावसभावाच्या ओळखीतल्या सीए मॅडमनी चारही पीडीएफ शेजारी शेजारी उघडल्या, चलन नंबर चारही वर एकच, फक्त तारीख आणि रक्कम बदललेली. मी त्या वर्षभर जपून ठेवल्या होत्या आणि एकदाही एकत्र बघितल्या नव्हत्या.

खरा धक्का पुढे. तेव्हाच्या कायद्यात ४४एडीए हे ठरावीक व्यावसायिकांना जमेच्या निम्मं उत्पन्न धरू देणारं कलम, आणि इंटिरिअर डेकोरेशन त्याच्या यादीत होतं, म्हणजे माझी २४ लाखांची जमा असेल तर निम्मं, १२ लाख, उत्पन्न धरून चाललं असतं. नव्या टॅक्स रिजीमच्या त्या वर्षीच्या (२०२३-२४) दरांनी सेससकट टॅक्स ९३,६००. त्यातून बिल्डरने कापलेला टीडीएस ४० हजार वजा, राहिले ५३,६००. आणि ४४एडीए घेतलं की चार हप्ते नसतातच, सगळं एकदम १५ मार्चपर्यंत भरायचं! म्हणजे जून, सप्टेंबर, डिसेंबरची ती घाई माझ्यासाठी नव्हतीच, आणि टीडीएस तर त्याने अंदाजात वजाच केला नव्हता.

मग ५३,६०० आणि वर व्याज २,६८० असे ५६,२८० पुन्हा भरले, आधीचे १ लाख ६० हजार गेले ते गेलेच.

आता स्वतः भरते, इन्कम टॅक्सच्या साइटवर ई-पे टॅक्स, त्यात ॲडव्हान्स टॅक्स म्हणजे कोड १००, वर्ष नीट बघून निवडायचं (इथे बरेच जण चुकतात), आणि चलन पेमेंट हिस्टरीतून स्वतःच उतरवायचं. दहा मिनिटं लागतात हो.

पोलिसांत अर्ज दिलाय, जीपेचे स्क्रीनशॉट आणि चारही पीडीएफ जोडून. परवा मैत्रिणीने त्याचं स्टेटस पाठवलं, नवा नंबर, "१५ तारीख जवळ आली, ॲडव्हान्स टॅक्स भरलात का?"