भाड्याचा २४ सेकंदांचा संच: कोकणातल्या उघड्या कोर्टावर कितपत चालतो?

बास्केटबॉलमध्ये ताबा असलेल्या संघाला शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद मोजणारं घड्याळ म्हणजे शॉट क्लॉक. दोन डिस्प्ले, एक कन्सोल आणि भोंगे, असा त्याचा साधा वायरलेस संच रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या संध्याकाळच्या स्पर्धांना पुरेसा आहे. अट एकच: कन्सोलवर १४ चं वेगळं बटण हवं. ते नसेल तर संच घेऊ नका.

कारण बहुतेक वाद तिथेच पेटतात. चेंडू रिंगला लागून आक्रमक संघाकडेच परतला, तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमानुसार घड्याळ १४ वर येतं. फक्त २४ चं बटण असेल तर ऑपरेटर तेच दाबतो आणि पुढे दोन पंच दोन गोष्टी बोलू लागतात. फ्रंटकोर्टमध्ये (प्रतिस्पर्ध्याच्या बास्केटकडच्या अर्ध्या भागात) बचावपटूचा फाउल झाला आणि थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं) मिळाला, तर १४ किंवा अधिक सेकंद उरले असल्यास घड्याळ तसंच राहतं. १३ किंवा कमी उरले असल्यास १४ होतं. बचावपटूने चेंडू नुसता बाहेर घालवला तर काहीच बदलत नाही. सवयीने रिसेट करण्याची चूक सगळ्यात जास्त इथेच होते. शॉट सुटताक्षणी बटण दाबायचं नाही, रिंगला स्पर्श झाल्यावरच, हे ऑपरेटरला आधीच बजावून ठेवा.

दुसरी गोष्ट भोंग्याची. शॉट क्लॉक आणि गेम क्लॉकचे (सामन्याची वेळ दाखवणाऱ्या घड्याळाचे) आवाज स्पष्ट वेगळे हवेत. स्वस्त संचांत ते जवळजवळ सारखे निघतात, आणि क्वार्टर संपताना कोणता वाजला यावरून भांडण होतं. गेम क्लॉकसाठी वेगळा हॉर्न लावा. शॉट क्लॉकवर शेवटचे ५ सेकंद आणि गेम क्लॉकवर शेवटचं मिनिट दशांशात दिसतंय ना, तेही तपासा. क्वार्टरअखेरच्या थ्रो-इनला ०.३ सेकंद उरले असतील तर झेलून शॉट मारता येतो, ०.२ किंवा ०.१ असतील तर फक्त टॅप (न झेलता हाताने ढकलणं) किंवा थेट डंक (चेंडू वरून रिंगमध्ये घालणं). दशांश दिसत नसतील तर पंचांनी ठरवायचं कशावरून?

खारी हवा कनेक्टर खाते. सामना संपल्यावर ते कोरड्या कापडाने पुसून सिलिका जेलसोबत पेटीत ठेवा. वीज डोळा मारते तेव्हा कन्सोल पुन्हा सुरू होऊन वेळ पुसली जाते, म्हणून यूपीएस लावा आणि टायमरच्या (गेम क्लॉक चालवणाऱ्याच्या) हातात स्टॉपवॉच असू द्या.

मतभेद मात्र यंत्र मिटवत नाही. शेवटचा शब्द क्रू चीफचा, म्हणजे मुख्य पंचाचा. सहकाऱ्याने आपल्या अधिकारात दिलेला निर्णय दुसऱ्या पंचाला रद्द करता येत नाही, पण आपण काय पाहिलं ते त्याने सांगायलाच हवं. प्रशिक्षकांना लांब ठेवून तीनच प्रश्न विचारा: भोंगा वाजला तेव्हा चेंडू हातात होता की हवेत? रिंगला लागला का? घड्याळावर किती उरले होते? टेबलने (घड्याळं आणि गुण सांभाळणाऱ्यांनी) आकडा सांगावा, मत नव्हे. चेंडू हवेत असताना भोंगा वाजला आणि बास्केट झाला, तर तो ग्राह्य. रिंगला न लागता चुकला तर उल्लंघन. मात्र प्रतिस्पर्ध्याने लगेच स्पष्ट ताबा मिळवला तर खेळ चालू राहतो. भोंगा चुकून वाजला तर दुर्लक्ष करा. ताबा असलेल्या संघाचं नुकसान झालं असं पंचांना वाटलं, तरच खेळ थांबवून घड्याळ दुरुस्त करा आणि चेंडू त्याच संघाला द्या. दोन्ही डिस्प्लेंवर आकडा एकच दिसल्याशिवाय चेंडू खेळाडूच्या हातात देऊ नका.