१९०९ची डीएनडी सेवा : नोंदणीवर थांबू नका, तक्रार करा

अनाहूत कॉल थांबवण्यासाठी सरकारी व्यवस्थेत जो १९०९ हा डीएनडीचा, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब'चा नंबर आहे, तो मी गेला बराच काळ मनापासून वापरते आहे. ही सेवा कामाची आहे असं माझं ठाम मत आहे. मात्र बहुतेक लोक ती अर्धीच वापरतात आणि मग 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. उरलेला अर्धा भागच जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमच्या घरी लँडलाइन आहे आणि प्रत्येकाचा मोबाइल आहे. मी घरीच नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सासरे, म्हणजे अण्णा, हृदयरोगाचे रुग्ण आहेत. दवाखान्यातून, तपासणीच्या लॅबमधून, औषधवाल्याकडून त्यांना जे फोन येतात ते बहुतेक वेळा अनोळखी नंबरांवरूनच येतात. त्यामुळे 'अनोळखी नंबर वाजूच देऊ नका' ही फोनमधली सोय आमच्या उपयोगाची नाही. ती लावली तर रिपोर्ट तयार असल्याचा फोनही गप्पच राहणार. आम्हाला नको ते कॉल मुळातूनच कमी व्हायला हवे होते.

अण्णांचा स्वभावही सांगायला हवा. समोरच्या माणसाचं बोलणं मध्येच तोडून फोन ठेवणं त्यांना जमत नाही. "अगं, कुणी बाई बोलतायत, कर्ज हवंय का विचारतायत. मी सांगितलं नको, तरी बोलतायत अजून," असं ते रिसीव्हरवर हात ठेवून मला सांगत. ऐंशीच्या घरातल्या माणसाला या सभ्यपणाची शिक्षा का मिळावी, याचा मला खरोखर राग येतो.

नोंदणी अगदी सोपी आहे. ज्या नंबरची नोंदणी करायची त्याच नंबरवरून १९०९ला फोन लावायचा आणि सूचना ऐकत बटणं दाबायची. मोबाइलवरून एसेमेसही चालतो : इंग्रजीत 'स्टार्ट', मग मोकळी जागा, मग शून्य, आणि पाठवायचं १९०९ला. शून्य म्हणजे सगळं बंद. नोंदणी झाल्याचा उलट मेसेज येतो, तो जपून ठेवा. लगेच दुसऱ्या दिवशी शांतता होईल अशी अपेक्षा मात्र नको, थोडे दिवस जाऊ द्यावे लागतात.

सगळंच बंद नको असेल तर विषय निवडता येतात. बँका, विमा आणि कर्ज हा एक गट, मग घर-जमिनी, शिक्षण, आरोग्य, घरगुती वस्तू आणि गाड्या, दूरसंचार आणि मनोरंजन, पर्यटन, आणि खाद्यपदार्थ. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, २०१८च्या नियमांनी आणखी बारकावा दिला. माणसाने केलेला कॉल, मशीनवरून आपोआप लागलेला कॉल, आधी ध्वनिमुद्रित केलेला कॉल आणि एसेमेस यांच्याबद्दल वेगवेगळी पसंती नोंदवता येते, वार आणि वेळसुद्धा ठरवता येते. मी आमच्या घरच्या सगळ्या नंबरांसाठी पूर्ण बंदीच घेतली. कुठल्या वेळी जाहिरात ऐकायला आवडेल, हा विचार करावासा मला वाटला नाही.

लँडलाइन लोक विसरतात. तिचीही नोंदणी होते, आणि घरात ज्येष्ठ माणूस दिवसभर असेल तर आधी तिचीच करावी.

आता नोंदणीने काय थांबलं ते सांगते. नोंदणीकृत टेलिमार्केटिंग कंपन्यांचे कॉल, म्हणजे १४०ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून येणारे, आमच्याकडे जवळजवळ बंद झाले. जाहिरातींचे एसेमेस कमी झाले. मात्र साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून येणारे कॉल येतच राहिले, आणि इथेच बहुतेकांचा विश्वास उडतो. त्यामागचं कारण समजून घेतलं की राग योग्य ठिकाणी जातो. डीएनडीत नोंदलेल्या नंबरांची यादी तपासून कॉल करण्याची शिस्त नोंदणीकृत व्यावसायिकालाच असते. जो माणूस साधी सिमकार्डं घेऊन खोलीत बसून कॉल करतो, तो यादी बघतच नाही. त्याचं ते वागणं नियमाबाहेरचंच आहे, पण त्याला पकडायला कुणीतरी नंबर कळवावा लागतो.

ही यादी पहिल्यांदा २००७ साली सुरू झाली, २०११च्या सप्टेंबरपासून नियम कडक झाले आणि २०१८ साली ट्रायने संपूर्ण नवी चौकट आणली. या प्रत्येक टप्प्यावर नोंदणीकृत टेलिमार्केटिंगवाले सुधारले आणि बेकायदा कॉल करणारे साध्या नंबरांकडे वळले. म्हणून तक्रारीचा रस्ता आता नोंदणीपेक्षा मोठा झाला आहे.

१२ फेब्रुवारी २०२५ला नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे ही सेवा माझ्या नजरेत खूप वर गेली. आधी कॉल आल्यापासून तीन दिवसांत तक्रार करावी लागे, आता सात दिवस मिळतात. आधी नोंदणी असेल तरच साध्या नंबराविरुद्धची तक्रार धरली जाई, आता नोंदणी नसली तरी धरतात. नंबर, तारीख आणि काय बोलणं झालं याची थोडक्यात माहिती एवढं पुरतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट : आधी सात दिवसांत दहा तक्रारी जमल्या तर कारवाईला सुरुवात होई, आता दहा दिवसांत पाच जमल्या तरी पुरतात. मोबाइल कंपनीने पाच दिवसांच्या आत पावलं उचलायची आहेत, पूर्वी यासाठी तीस दिवस होते.

या 'पाच'चा अर्थ नीट लक्षात घ्या. तुमची एक तक्रार म्हणजे त्या आकड्याचा पाचवा हिस्सा आहे. तो माणूस दिवसाला शेकडो घरी फोन लावत असेल. त्यातल्या पाच घरांनी दोन-दोन मिनिटं दिली तर त्याचं काम अडतं. पहिल्या गुन्ह्याला त्याचे बाहेर जाणारे कॉल पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा केलं तर त्याच्या नावावरची सगळी कनेक्शन सगळ्या कंपन्यांकडून वर्षभरासाठी तोडली जातात. तक्रारींचे आकडे चुकीचे दाखवणाऱ्या मोबाइल कंपनीलाही आता दंड आहे : पहिल्यांदा दोन लाख, मग पाच लाख, मग दर वेळी दहा लाख रुपये. हे निव्वळ कागदावरचं नाही. ट्रायने ऑगस्ट २०२४मध्ये बेकायदा टेलिमार्केटिंग करणाऱ्यांची कनेक्शन तोडायचा आदेश दिला, त्यानंतर काही आठवड्यांतच पावणेतीन लाख कनेक्शन तोडली गेली आणि पन्नासहून जास्त संस्था काळ्या यादीत गेल्या.

आमच्या घरी तक्रारीचं काम आता अण्णांनी स्वतःकडे घेतलं आहे. लँडलाइनच्या यंत्रावर नंबर दिसतो. शेजारी एक वही असते. नंबर, तारीख, वेळ, आणि 'कर्ज', 'प्लॉट', 'विमा' असा एक शब्द, एवढं ते सुवाच्य अक्षरात लिहून ठेवतात. संध्याकाळी शिकवण्या आटोपल्या की मी त्यातल्या तक्रारी नोंदवते. "त्या परवाच्या प्लॉटवाल्याचं काय झालं?" असं ते पाठपुरावाही करतात. फोन वाजला की पूर्वी ते वैतागत, आता चष्मा लावून आधी नंबर बघतात. त्यांना स्वतःच्या घरात पुन्हा थोडं नियंत्रण मिळालं, आणि माझ्या लेखी या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू ती आहे.

मोबाइलवरच्या तक्रारींसाठी मी ट्रायचं डीएनडी ॲप वापरते. कॉलच्या यादीतून नंबर निवडायचा, विषय सांगायचा, पाठवायचं. एसेमेसने तक्रार करायच्या ठरावीक साच्यापेक्षा हे कितीतरी बरं. आयफोनवर हे ॲप यायला २०१८ साल संपत आलं होतं, कारण कॉलची माहिती ॲपला द्यायची की नाही यावरून ट्राय आणि ॲपल यांच्यात बराच काळ वाद चालला. अँड्रॉइडवर कॉल आणि मेसेज बघायची परवानगी मागितली जाते. तक्रारीसाठी ती लागणारच, तरी काय देतो आहोत हे वाचून मगच होकार द्या.

आता जे आवडलं नाही ते. आमच्या एका मोबाइल कंपनीने माझी एक तक्रार 'पुरेसा तपशील नाही' म्हणून बंद केली. कुठला तपशील कमी पडला, ते कळवलं नाही. नंबर, तारीख, बोलण्याचा विषय, सगळं दिलं होतं. मी पुन्हा, आणखी सविस्तर नोंदवली, तेव्हा ती पुढे गेली. ज्याला हे सगळं नवीन आहे तो पहिल्याच नकाराला थांबेल, आणि त्या पाचांतली एक तक्रार कमी होईल. कारण लिहिल्याशिवाय तक्रार बंद करता येऊ नये. दुसरं म्हणजे एसेमेसचे शब्द इंग्रजीत आणि ठरावीक क्रमात लिहावे लागतात. अण्णांच्या वयाच्या, साधा बटणांचा फोन असलेल्या माणसाला ते अवघड आहे. खरं तर त्यांनाच या सेवेची सर्वांत जास्त गरज आहे.

एक गोष्ट या सेवेच्या हाताबाहेरची आहे : आपण स्वतः दिलेली संमती. दुकानात सवलतीच्या कार्डासाठी लिहून दिलेला नंबर, एखाद्या वेबसाइटवर 'मला माहिती पाठवा' या चौकटीत राहिलेली खूण, हे सगळं संमती म्हणून दाखवता येतं आणि अशी संमती डीएनडीच्या वर ठरते. ती काढून घेता येते, पण त्यासाठी आधी कोणाला दिली ते आठवावं लागतं. मी आता नंबर मागणाऱ्याला सरळ विचारते, 'बिलासाठी आवश्यक आहे का?' बहुतेक वेळा नसतो. ओटीपी, बँकेच्या व्यवहारांचे मेसेज वगैरे मात्र डीएनडीने बंद होत नाहीत, त्याची भीती बाळगू नका.

ओळखण्यासाठी दोन खुणा घरातल्या सगळ्यांना शिकवून ठेवा. व्यवहाराच्या किंवा सेवेच्या कॉलसाठी बँका, विमा कंपन्या आणि सरकारी कार्यालयांना १६००ने सुरू होणारे नंबर आहेत, तर जाहिरातीच्या कॉलसाठी १४०. एसेमेस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता इंग्रजी अक्षर असतं : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. आणि फोन उचलल्यावर दोन-तीन सेकंद पलीकडून काहीच आलं नाही, तर बहुधा मशीनने एकाच वेळी अनेक नंबर लावलेले असतात आणि बोलायला माणूस मोकळा व्हायचा असतो. त्या शांततेत दोनदा 'हॅलो' म्हणायची गरज नाही, ठेवून द्या. अण्णांनाही एवढं पटलं आहे, कारण समोर माणूसच नसेल तर अपमान कुणाचा होणार?

सर्वांत घातक कॉल याच यंत्रणेचं नाव घेऊन येतात. ध्वनिमुद्रित आवाज सांगतो, 'ट्रायकडून बोलत आहोत, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा.' ट्राय कुणाचाही नंबर बंद करण्यासाठी फोन करत नाही, तसं त्यांनी वारंवार जाहीर केलेलं आहे. नऊ दाबलं की फसवणारा माणूस लाइनवर येतो आणि मग पोलिस, अटक, चौकशी अशी भीती घालतो. अशा कॉलसाठी १९०९ नव्हे, तर दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या पोर्टलवरची 'चक्षू' ही सोय वापरा. ती मार्च २०२४मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२५पासून संचार साथीचं ॲपही आहे. गेल्या तीस दिवसांतला संशयास्पद कॉल, एसेमेस किंवा व्हॉट्सॲप तिथे कळवता येतो. पैसे गेलेच असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

मी या सेवेला पाचपैकी चार तारे देते. एक तारा कारण न सांगता बंद होणाऱ्या तक्रारी आणि इंग्रजी साच्यासाठी कापला.

कॉल करणाऱ्या मुलामुलींवर मात्र ओरडू नका. दिवसभर नकार ऐकायची ती नोकरी आहे, आणि नंबरांची यादी त्यांनी बनवलेली नसते. मी एवढंच म्हणते, "ताई, हा नंबर डीएनडीत आहे, मी तक्रार नोंदवणार आहे, तुमच्या वरच्यांना सांगा." मग फोन ठेवते आणि तक्रार नोंदवते.