राजकीय कन्सल्टन्सीच्या नावाखाली ८ लाख ७१ हजारांना गंडा : सांगली-साताऱ्यातल्या उमेदवारांनो, आधी माणसं तपासा

कन्सल्टन्सीचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण वकिलाकडे आहे. पण ही मंडळी अजून मोकळी फिरताहेत, कंपनीचं नाव बदलून नव्या उमेदवारांना गाठताहेत, म्हणून गप्प बसणं शक्य नाही.

प्रकार सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातला, एका ब वर्ग नगरपालिकेचा. आमच्या स्थानिक आघाडीनं नगराध्यक्षपदासह पूर्ण पॅनेल उभं केलं होतं. २५ ऑक्टोबर २०२५ ला ‘पब्लिक अफेअर्स आणि राजकीय संवाद’ करणाऱ्या कन्सल्टन्सीशी करार झाला. सर्व्हे, सोशल मीडिया, व्हॉइस कॉल, बूथनिहाय यादी असं सगळं मिळून ८ लाख, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९ लाख ४४ हजार. त्यातले ४ लाख ७२ हजार सहीच्या दिवशी गेले. सर्व्हेचा अहवाल हातात पडल्यावर २ लाख ३६ हजार. ‘मोबाइल नंबरसह मतदार यादी’ म्हणून करारापलीकडचे १ लाख १८ हजार. आणि शेवटी व्हॉइस कॉलसाठी ४५ हजार, तेही एका तिसऱ्याच माणसाच्या यूपीआयवर. एकूण ८ लाख ७१ हजार. बदल्यात सहा व्हिडिओ, चौदा पोस्टर आणि एक ८६ पानांची पीडीएफ.

बिनडोकपणे पैसे टाकले असं कुणी म्हणू नये. पालिकेच्या निवडणुका किती वर्षं रखडल्या होत्या हे सगळ्यांना ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, तरी तारीख कुणालाच कळत नव्हती. ४ नोव्हेंबरला कार्यक्रम जाहीर झाला, १० ते १७ नोव्हेंबर अर्ज आणि २ डिसेंबरला मतदान. एवढ्या वेळात जातवैधतेच्या पावत्या, थकबाकी नसल्याचे दाखले, शौचालय वापराचं प्रमाणपत्र, सूचक यांतच पॅनेलचा जीव जातो. बाहेरची टीम लागतेच. समोरच्या पॅनेलनं लावली होती, मग आपण का नको, असा विचार झाला आणि त्यात गैर काही नव्हतं.

त्यांच्याकडं दाखवायला माणसं होती, हे खरं भांडवल. चकचकीत पुस्तिकेत ‘आमची टीम’ म्हणून सात फोटो. एक माजी पत्रकार, एक मंत्र्याचा माजी स्वीय सहायक, एक आकडेशास्त्रज्ञ, सल्लागार म्हणून एक निवृत्त अधिकारी. आणि प्रमुख माणूस ‘२०१४ च्या लोकसभेच्या वॉर रूममध्ये होतो’ असं सांगणारा. हा दावा या धंद्यात फार चालतो. निवडणूक रणनीतीकार प्रशांत किशोर यांनी त्या निवडणुकीसाठी २०१३ मध्ये सिटिझन्स फॉर अकाउंटेबल गव्हर्नन्स हा गट उभा केला, पुढं त्यांची आयपॅक ही कन्सल्टन्सी आली. त्या कामात तरुण पोरं बरीच होती, म्हणून ‘मीही होतो’ म्हणणाऱ्याला खोटं पाडणं अवघड जातं. पण पाडता येतं. पगारी नोकरी होती म्हणतोस ना, मग पीएफची सेवा-नोंद दाखव किंवा त्या वर्षाचा फॉर्म १६ दे. खरा माणूस दोन मिनिटांत मोबाइलवर काढून दाखवतो. खोटा ‘गोपनीयतेचा करार आहे’ म्हणतो. निवृत्त अधिकाऱ्यांना नंतर फोन केला तेव्हा कळलं की ते एकदा यांच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून गेले होते, तेवढाच संबंध. आपला फोटो पुस्तिकेत आहे हे त्यांना माहीतही नव्हतं.

आता कागदाचं. करार एका प्रायव्हेट लिमिटेडच्या नावानं, बिल दुसऱ्याच नावाच्या फर्मचं, बँक खातं तिसऱ्याचं, यूपीआय चौथ्याचं. चार जागी चार नावं दिसली की व्यवहार तिथंच थांबवा, मग समोरचा कितीही मोठ्या पुढाऱ्याबरोबरचा फोटो दाखवो. कंपनीच्या सीआयएनमध्ये, म्हणजे सरकारी नोंदणी क्रमांकात, २१ अक्षरं-आकडे असतात. त्यातली नववी ते बारावी जागा म्हणजे नोंदणीचं वर्ष. पुस्तिकेवर ‘२०१३ पासून’ छापलंय आणि सीआयएनमध्ये २०२४, यातच सगळं आलं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं, ‘पी’ असेल तर तो एकटा माणूस, ‘सी’ असेल तर कंपनी, ‘एफ’ असेल तर भागीदारी. यांचं बिल कंपनीच्या थाटात, आणि सहावं अक्षर ‘पी’. शिवाय जीएसटीच्या पोर्टलवर तो क्रमांक टाकला की ‘रद्द’ असा शेरा येतो. म्हणजे तीन बिलांवर जीएसटी म्हणून घेतलेले १ लाख २६ हजार रुपये सरकारात जाणार नव्हतेच, सरळ खिशात. उद्यम प्रमाणपत्र, म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा कागद, दाखवतील, त्याला भुलू नका. ते स्वतःच्याच माहितीवर ऑनलाइन मिळतं, कुणी येऊन तपासत नाही.

आणि आता सर्व्हे. इथं अजूनही डोकं फिरतं.

अहवाल ८ नोव्हेंबरला आला. अकराव्या पानावर एक छोटा तक्ता होता : एकूण भेटी २,४००, पूर्ण मुलाखती २,४००, घर बंद शून्य, नकार शून्य. हा तक्ता आठ-दहा जणांच्या नजरेखालून गेला. खानापूर, आटपाडी, तासगाव हा पट्टा म्हणजे गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळणारी आपली माणसं कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत पसरलेली. दिवाळीला येतात, भाऊबीज झाली की पहिल्या गाडीनं परत. यांचा सर्व्हे झाला २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर, म्हणजे नेमका माणसं परत गेल्यावर. त्या दिवसांत अख्ख्या शहरात एकही घर बंद मिळालं नाही? इथल्या शाळेतल्या पोरालाही हे खोटं आहे हे कळलं असतं. त्या शून्यावर बोट ठेवून ‘हे कसं?’ एवढं विचारलं असतं तर पुढचे २ लाख ३६ हजार तरी वाचले असते. पण दोन दिवसांवर अर्ज भरणं आलेलं, आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर ‘आघाडी ३ टक्क्यांनी पुढे’ असं ठळक छापलेलं. नजर तिथंच जावी याच हिशेबानं ते पान रचलेलं असतं. राबून थकलेल्या माणसांना असं गाठणं हा यांचा धंदा आहे, दोष त्यांचा आहे.

साधा हिशेब. दहा-बारा मिनिटांची प्रामाणिक मुलाखत घ्यायची, घर शोधायचं, बंद असेल तर पुढं जायचं, तर एक पोरगा दिवसाला २० ते २५ मुलाखती करतो. यांची सहा पोरं, नऊ दिवस, म्हणजे जास्तीत जास्त १,३५०. मग २,४०० आल्या कुठून? दुसरं, बारा प्रभागांत २,४०० म्हणजे प्रभागाला २००. दोनशेच्या नमुन्यात चूक अधिक-उणे ७ टक्के धरावी लागते. त्यावर ‘प्रभाग ४ मध्ये ३ टक्क्यांनी पुढे’ या वाक्याला काडीचीही किंमत नाही. प्रभागनिहाय ५ टक्क्यांच्या आतलं चित्र हवं तर प्रत्येक प्रभागात ४०० च्या आसपास नमुने लागतात, आणि तेवढं काम या पैशात, या दिवसांत होत नाही.

कच्ची शीट मागा. अहवाल नको, शीट. करारातच लिहून घ्या : प्रत्येक मुलाखतीची वेळ, ठिकाण, मुलाखत घेणाऱ्याचं नाव, बंद घरांची नोंद, आणि हप्ता शीट तपासल्यावरच. आमच्या करारात हे नव्हतं, म्हणून शीट १९ नोव्हेंबरला, भांडून मिळाली. प्रभाग ४ उघडला : दुपारी १:१२ ला मतदार अनुक्रमांक ३११, १:१४ ला ३१२, १:१६ ला ३१३. यादीतल्या क्रमानं, दोन-दोन मिनिटांनी, पंचवीस प्रश्नांची उत्तरं. त्यातला ३१२ क्रमांकाचा गृहस्थ वर्षानुवर्षं कोइमतूरला दुकान चालवतो. फोन केला तर म्हणाला, ‘आबा, मी मतदानालाच येणाराय, मला कोण भेटलं?’ त्याची पाणीपुरवठ्याबद्दलची नाराजी मात्र शीटमध्ये सविस्तर लिहिलेली. एका खोलीत बसून यादी समोर ठेवून भरलेला सर्व्हे.

मोबाइल नंबरच्या यादीचंही तेच. निवडणूक आयोगाच्या जाहीर मतदार यादीत मोबाइल नंबर नसतातच. ‘आयोगाकडची नंबरसह यादी’ म्हणणारा तिथल्या तिथंच खोटा ठरतो. कुठून तरी गोळा केलेले नंबर जोडतात, निम्मे बंद, उरलेले भलत्याच तालुक्यातले. वर तुमच्या कार्यकर्त्यांची यादी घेतात ‘जुळवणीसाठी’, आणि ती विकतात. आमच्या यादीत दोन नवे नंबर मुद्दाम पेरले होते, दुसऱ्या कुणालाही न दिलेले. २९ नोव्हेंबरला त्या दोन्हीवर विरोधी पॅनेलचा व्हॉइस कॉल आला. यादी बाहेर देताना असे नंबर पेरून ठेवाच.

फेसबुक-इन्स्टावर दीड लाख खर्च केल्याचं यांनी कागदावर दाखवलं. मेटाची जाहिरात लायब्ररी कुणालाही उघडता येते, खातं लागत नाही. पानाचं नाव टाकलं की राजकीय जाहिरात कुणी दिली आणि खर्च कोणत्या टप्प्यातला, हे दिसतं. तिथं तीन जाहिराती सापडल्या, तिन्ही शंभर रुपयांच्या आतल्या टप्प्यात. व्हॉइस कॉलच्या अहवालात २८ हजार कॉल, आणि सगळेच्या सगळे उचललेले. नंबर, वेळ, किती सेकंद चालला, उचलला की नाही, अशी नोंद मिळाल्याशिवाय या कामाचा एक रुपया देऊ नका.

तक्रारीची कथा तर संताप आणणारी. पोलिस ठाण्यात पहिलं वाक्य : ‘करार आहे ना? मग हा दिवाणी मामला, कोर्टात जा.’ सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत, खातं हॅक झालेलं नाही. १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, पण ती पैसे गेल्यावर लगेच केली तरच खातं गोठतं. वरच्या कार्यालयात पाठवलं, तिथून पुन्हा खाली. एका साहेबांनी तर विचारलं, ‘एवढे पैसे आले कुठून?’ फसलेल्यालाच आरोपीसारखं उभं करायचं! बँकेनं खातेदाराची माहिती देता येत नाही म्हणून हात झटकले. निवडणूक कार्यालयात अर्ज दिला तर उत्तर मिळालं की हा आमचा विषय नाही, पण खर्चाचा हिशेब मात्र निकालानंतर ३० दिवसांत द्या, यांचं बिलही त्यात दाखवा. काम शून्य, आणि खर्च उमेदवारांच्या मर्यादेत मोजला जाणार. ब वर्गात नगराध्यक्षाला ११ लाख २५ हजार, सदस्याला ३ लाख ५० हजारांची मर्यादा. हिशेब चुकला तर अपात्रता उमेदवाराची, कन्सल्टन्सीची नव्हे. म्हणून बिल प्रत्येक उमेदवाराच्या नावानं, कामानुसार वेगळं फोडून घ्या, आणि पैसे निवडणुकीसाठी उघडलेल्या खात्यातूनच द्या.

मतमोजणी ३ डिसेंबरवरून २१ डिसेंबरवर गेली तेव्हा हीच माणसं ‘स्ट्राँगरूम आणि मतमोजणी व्यवस्थापन’ म्हणून आणखी ७५ हजार मागत होती. ते दिले नाहीत.

पोलिस ‘दिवाणी’ म्हणतात त्याचं कारण समजून घ्या, नाहीतर हेलपाटेच होतील. नुसतं काम केलं नाही म्हणजे फसवणूक ठरत नाही. पैसे घेतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. म्हणून अर्जात ‘सर्व्हे वाईट केला’ हे रडगाणं नको. रद्द झालेल्या क्रमांकावर जीएसटी वसूल केला, परवानगीशिवाय अधिकाऱ्याचा फोटो सल्लागार म्हणून छापला, न झालेल्या मुलाखती झाल्या म्हणून पैसे उचलले, हे तीन मुद्दे कागदांसह वर ठेवा. कलम भारतीय न्याय संहितेचं ३१८(४). ठाण्यात घेतलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं, पोच ठेवून. तिथंही हललं नाही तर १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडं. तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. आणि जीएसटी विभागाकडं वेगळी तक्रार करा, तिथं ‘दिवाणी’ म्हणून कुणाला परत पाठवता येत नाही. कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारात भरावीच लागते.

सातारा आणि सांगलीत या मंडळींनी आणखी पॅनेलांना बिलं दिली आहेत, हे त्यांच्याच पुस्तिकेतल्या कामांच्या यादीवरून दिसतं. ज्यांच्याकडं ‘मोबाइल नंबरसह मतदार यादी’ असं लिहिलेलं बिल आणि घर बंद शून्य दाखवणारा अहवाल असेल, त्यांनी जीएसटी क्रमांक पोर्टलवर टाकून बघावा आणि शेऱ्याचा तारखेसह स्क्रीनशॉट आजच काढून ठेवावा. एकट्याच्या अर्जाला ‘व्यवहारातला वाद’ म्हणून बाजूला सारतात. एकाच पद्धतीची चार-पाच बिलं, त्याच चार नावांची, एकत्र समोर ठेवली की सुरुवातीपासूनचा हेतू दाखवायला आमच्या वकिलाला तेवढं पुरेसं आहे.